ऱ्हाइनकाठचे तांबडे खडे

मुक्ता,

कोलोनच्या डोमच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चच्या, खजिन्यात फ्रँक जमातीतल्या एका स्त्रीचे जे दागिने आहेत, त्यांतल्या तांबड्या खड्यांचा आपल्याशी काय संबंध, असं तू विचारलंस. तिची कबर १९५९ मध्ये डोमच्या जमिनीखाली सापडली. काळ सहाव्या शतकाचा पूर्वार्ध. खडे गार्नेटचे. अशा दागिन्यांच्या घडणीत सोन्याच्या पट्ट्यांची बारीक घरं करत, प्रत्येकात गार्नेटची जेमतेम मिलिमीटरभर जाडीची चकती बसवत आणि तिच्याखाली बारीक चौकटी उठवलेला सोन्याचा पत्रा घालत. खडा मुळात काळपट. खालून परतणाऱ्या उजेडानं तो लाल पेटतो.

असे खडे शेजारच्या बोहेमियातूनच आले असतील, ही पहिली शंका. पण त्या काळच्या फ्रँक दागिन्यांतल्या बहुतेक गार्नेटची रासायनिक घडण भारत आणि श्रीलंकेतल्या खड्यांशी जुळते. दुसरी शंका अधिक वजनदार आहे: पश्चिमेचं रोमन साम्राज्य ४७६ मध्ये संपलं, मग इतक्या लांबचा माल येत कसा होता? माझं उत्तर असं, की सिंहासन गेलं म्हणून व्यापाऱ्यांची साखळी तुटत नाही. पूर्वेचं साम्राज्य उभं होतं, तांबडा समुद्र वाहता होता. ५५०च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस लिहितो, की कल्याणहून तांबं, शिसवी लाकूड आणि कापड जातं आणि तिथला बिशप इराणातून नेमला जातो. कल्याणच्या मालाच्या त्याच्या यादीत गार्नेट नाही, म्हणून खडे कल्याणहूनच निघाले असं मी म्हणणार नाही. पण उल्हास नदीकाठचं हे गाव परक्या देशांशी किती गुंतलेलं होतं, ते त्या बिशपवरून कळतं. कोलोनच्या सोनाराला मात्र कल्याणचं नावही ठाऊक असण्याची गरज नव्हती. माल हातोहात, बंदरोबंदर सरकत गेला. संपर्क खरा होता, ओळख नव्हती.

सहाव्या शतकाच्या अखेरीपासून भारतीय खडे आटले. ५७०च्या सुमारास इराणी फौजांनी तांबड्या समुद्राच्या तोंडावरचं येमेन घेतलं, हे त्याचं कारण सांगतात. फॅशन बदलली, असंही काही जण म्हणतात. मला फॅशनचा मुद्दा पुरेसा वाटत नाही. तसेच दागिने पुढेही घडत राहिले, फक्त त्यांत बोहेमियाचे बारीक खडे आले. म्हणजे हौस होती, पुरवठा नव्हता. तिकडे सातव्या शतकातलं एखादं फ्रँक ब्रोच दिसलं, तर आधी खड्यांचा आकार बघ आणि मला कळव.

तुझा,
काका