हयातीचा दाखला

गेल्या नोव्हेंबरच्या मध्यास बँकेच्या नांवें ई-मेल आला: ‘हयातीचा दाखला पोंचला नाहीं, सायंकाळपर्यंत सोबतच्या दुव्यावर खात्याची माहिती न भरल्यास निवृत्तिवेतन थांबेल.’ २०१४ पासून हा दाखला घरबसल्या देतां येतो. शंका येण्याचें कारण नव्हतें. शिवाय मराठी निर्दोष! ३५ वर्षें वह्या तपासलेला मी ऱ्हस्वदीर्घाच्या शुद्धतेवरच भाळलों. खातेक्रमांक भरला, परवलीचा शब्द मात्र आठवेना, म्हणून सूनबाईला हांक मारली. तिनें आधीं पाठविणाराचा पत्ता न्याहाळला.

“मामंजी, हा ‘एम’ नव्हे, ‘आर’ आणि ‘एन’ चिकटून बसले आहेत.”

मीं चष्मा पुसून पाहिलें. खरेंच!

दाखला तर ५ तारखेस मीं स्वतःच बँकेंत देऊन आलों होतों. भीतीपोटीं तेंहि आठवलें नव्हतें.