बाबांचा पेनड्राइव्ह

बाबा गेल्यावर त्यांचा पेनड्राइव्ह मी मुलुंडच्या घरी नव्या लॅपटॉपला लावला. चिकटपट्टीवर त्यांचं अक्षर: उबुंटू, २०१६. पडद्यावर लाल चौकट आली: सिक्युअर बूट व्हायोलेशन. जुन्या लॅपटॉपवर मात्र तोच बिनतक्रार चालला. विंडोज ८ बरोबर २०१२मध्ये रुळलेलं सिक्युअर बूट ओळखीची डिजिटल सही तपासतं. त्रुटी सापडलेले जुने बूटलोडर सही असूनही बाद होतात. ते बंद करता आलं असतं. पण आतला कर्नलही २०१६चा. नवं वायफाय त्याला कुठून कळणार? नवी आयएसओ त्याच पेनड्राइव्हवर लिहिली, तर आतलं सगळं पुसलं जाणार. स्टेशनजवळून दुसरा आणला. नवा उबुंटू लगेच सुरू झाला. त्यावर चिकटपट्टी लावून तारीख मी लिहिली.