रेघेखालचा

नायगाव सुटून लोकल भाईंदरच्या दिशेनं पुलावर चढली की खाडीत पाणजू बेट लागतं. चारी बाजूंनी पाणी, ये-जा होडीची. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या घरी पाळणा हलला, हे गावाला ठाऊक असतं. छेदाला अशी जागा मानवते.

छेद म्हणजे अपूर्णांकाच्या रेघेखालचा आकडा. वरचा अंश नजरेत भरतो, बातमी त्याचीच होते: एवढे रुग्ण सापडले! खालचा गप्प बसतो. पण ते रुग्ण किती माणसांत सापडले, हे त्यालाच ठाऊक. तो चुकला की वरची सगळी मोजणी वाया.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये तर त्याच्यावाचून पान हलत नाही. या आजारात शरीराची संरक्षणयंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं आवरणच कुरतडते. कधी एका डोळ्यानं अंधूक दिसतं, कधी पाय बधिर होतात. पुष्कळदा काही आठवड्यांत बरं वाटतं आणि मग दुखणं दुसरीकडेच उमटतं. बहुतेकांना तो विशी ते चाळिशीत गाठतो, बायकांना जास्त. रुग्ण विरळ, म्हणून अभ्यासकांनी बेटं धरली. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी आहे. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिथला दर लाखामागे 402 निघाला. अख्ख्या ऑर्कनीत माणसं वीसेक हजार, म्हणजे प्रत्यक्ष रुग्ण ऐंशीच्या आसपास. फेरो बेटांबद्दल अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञ जॉन कुर्ट्झके यांनी मांडलं, की 1943पूर्वी तिथल्या रहिवाशांत हा आजार नव्हता. महायुद्धात ब्रिटिश फौजा उतरल्या आणि तो आला. आधीचे रुग्ण ओळखलेच गेले नसतील, असा विरोधकांचा आक्षेप.

आपल्याकडे छेदाला बेट मिळालं ते पाण्याशिवायचं: पारशी समाज. लग्नं समाजातल्या समाजात, मुंबईत वस्ती ‘बाग’ म्हणवणाऱ्या वसाहतींमधून. 1980च्या दशकात डॉ. नादिर भरुचा आणि सहकाऱ्यांनी या वसाहतींत दारोदार पाहणी करून 14,010 माणसांची नोंद घेतली. या आजाराचा दर लाखामागे वीसच्या वर निघाला. डॉ. नोशीर वाडिया यांच्या 1990च्या अभ्यासानंही पारशांत तो ठळकपणे आढळतो हे दाखवलं. त्या काळी एकंदर भारतासाठी लाखामागे एक-दीड असा अंदाज धरला जाई, तोही मुख्यतः रुग्णालयात पोचलेल्यांवरून. दोन दरांतली ही तफावत आनुवंशिक असेलही. पण दार ठोठावून मोजण्याचाही त्यात मोठा वाटा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

छेद लहान असला की हळवा असतो. चौदा हजारांत एक रुग्ण वाढला तरी दर लाखामागे सातनं उडी घेतो. आणि छेद स्वतःही बदलतो, हे विसरलं जातं. पारशांची भारतातली लोकसंख्या 1941 साली 1,14,890 होती, 2011 साली 57,264 उरली. समजा रुग्ण तेवढेच राहिले, तरी निव्वळ खालचा आकडा निम्मा झाल्यानं दर दुप्पट होईल. शिवाय समाज म्हातारा होत चाललाय. या आजाराच्या ऐन वयातली माणसं किती, हे पाहिल्याशिवाय जुना आणि नवा दर शेजारी मांडणं अन्याय आहे. अंशाच्या बाजूनं एमआरआय आला, पूर्वी नाव नसलेल्या दुखण्यांना नाव मिळालं. औषधं आली, रुग्ण जास्त वर्षं जगू लागले, म्हणून कोणत्याही एका दिवशी मोजले तर जास्त भरतात. मंगळूरच्या 2014च्या अभ्यासात दर लाखामागे आठच्या वर गेला. त्यावरून आजार कैकपट फोफावला असं म्हणणं मला पटत नाही.

आणि नायगावात? इथे मिठागरांच्या कडेनं इमारती उठल्या, बिऱ्हाडं येतात, भाडेकरार संपले की हलतात. इथल्या एखाद्या तरुणीच्या पायांतलं बळ गेलं, तर ती लोकलनं मुंबईतलं मोठं रुग्णालय गाठणार, तिची नोंद तिथल्या फायलीत होणार. अंश मुंबईत, छेद नायगावात. दोघांची गाठ पडायची कुठे? 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यानं हा आजार दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत घातला, तिला प्रमाणपत्र मिळू शकतं. पण तिच्यासारख्या किती, हे कळल्याशिवाय वसईत मेंदूविकारतज्ज्ञ किती हवेत, महागडी इंजेक्शनं कुठे ठेवायची, हे कुणी कसं ठरवावं?

नायगाव धरून वसई-विरारचा छेद 2011च्या जनगणनेत 12 लाख 22 हजार होता. 2021ची जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 ठरली आहे. तोवर इथला कुठलाही दर काढायचा तर त्याच जुन्या आकड्यानं भागावं लागणार, आणि अंश पूर्ण मिळाला तरी तो दर खऱ्यापेक्षा जास्तच दिसणार.