आमच्या घरचा हम्मस-पाव

गेल्या नाताळच्या सुट्टींत आमच्या स्वयंपाकघरांत जो प्रकार घडला, तो येथें लिहावा कीं नाहीं याविषयीं आम्हां भावंडांत बराच वाद झाला. धाकट्या बहिणीचें म्हणणें असें पडलें कीं, शाळेच्या वार्षिकांत सहलींचीं व निसर्गाचीं वर्णनें शोभतात, कुकराच्या शिट्ट्या शोभत नाहींत. परंतु ज्या प्रसंगानें आमचे वडील आम्हांशीं मोकळेपणानें बोलूं लागले, तो आम्हांस कोणत्याहि सहलीहून मोठा वाटतो. म्हणून बहिणीचा निषेध नोंदवून ठेवून आम्ही दोघे थोरले लिहावयास बसलों आहों.

बाबा सतरा वर्षें कुवेत येथें नोकरीस होते. वर्षांतून एक महिना ते घरीं येत. त्या महिन्यांत घर पाहुण्यांनीं भरलेलें असे, आणि आम्ही नवे कपडे घालून त्यांच्याभोंवतीं वावरत असूं. २०२४ सालीं तेथील काम संपलें व ते कायमचे परत आले. तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं, या गृहस्थांशीं काय बोलावें हें आम्हांस मुळींच ठाऊक नाहीं. त्यांसहि तें ठाऊक नसावें. येथें मनाजोगें काम मिळेना, आणि दिवसभर ते वर्तमानपत्र उलगडून बसत. पान मात्र क्वचितच उलटलें जाई. "अभ्यास कसा चालला आहे?" हा प्रश्न, "बरा चालला आहे" हें उत्तर, आणि पुढें भिंतीवरील घड्याळाची टिकटिक, असे कित्येक महिने गेले. आई मधून मधून दोन्ही पक्षांकडे पाही व उसासा टाकी.

एके दिवशीं त्यांच्या मोबाइलमध्यें एक छायाचित्र आमच्या दृष्टीस पडलें. जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलेलें, त्यावर एक मोठी बशी, भोंवतीं चार माणसें, आणि त्यांत बाबा तोंडभर हंसत असलेले! आईस विचारतां तिनें सांगितलें कीं, बाबांच्या खोलींत अम्मानचे एक गृहस्थ राहात व दर शुक्रवारीं सकाळीं ते सर्वांकरितां हम्मस करीत. त्या दिवशीं बाबांचा दूरध्वनि आला म्हणजे पहिलें वाक्य ठरलेलें असे: "आज हम्मस होता." झालें! नाताळास घरीं हम्मस करावयाचा असा आम्हीं बेत ठरविला. तिकडची गोल पातळ रोटी येथें कोठून मिळणार? म्हणून बेकरीच्या पावाचे काप भाजून त्यांवर तो लावावा, आणि सणाची शोभा म्हणून वर रंगीबेरंगी भाज्या मांडाव्या, ही योजना धाकट्या बहिणीची.

हम्मस म्हणजे काय हें ज्यांस ठाऊक नाहीं त्यांजकरितां चार शब्द लिहितों. हा शब्द अरबी आहे व त्याचा मूळ अर्थ केवळ हरभरा असा आहे. पदार्थाचें पुरें नांव 'हुम्मुस बि तहीना', म्हणजे तिळाच्या वाटणासह हरभरा. लेबनॉन, सिरिया, जॉर्डन, पॅलेस्टाइन व इस्राएल या सर्व देशांत तो आवडीनें खातात, आणि तो मूळचा कोणाचा यावरून त्यांच्यांत मोठी चुरस असते. २०१० सालच्या मे महिन्यांत लेबनॉनमध्यें सुमारें तीनशें आचाऱ्यांनीं मिळून १०,४५२ किलोग्रॅम हम्मस केला. हा आंकडा त्यांनीं मुद्दाम साधला, कारण त्यांच्या देशाचें क्षेत्रफळ तितकेच चौरस किलोमीटर मानलें जातें. रूथच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायांत बवाज हा रूथला भाकरीचा घांस बुडवून खाण्यास सांगतो. तेथील 'होमेत्स' या हिब्रू शब्दाचा अर्थ भाषांतरकार शिरका असा करितात. परंतु तो हम्मसच असावा असें म्हणणारेहि कोणी आहेत. आम्हांस तें ओढून ताणून आणलेलें वाटतें. आजीनें हा सर्व इतिहास शांतपणें ऐकून घेतला आणि एकच वाक्य उच्चारलें: "म्हणजे गार झालेलें पिठलेंच कीं!"

वाटीभर काबुली चणे रात्रीं भिजत घातले. सकाळीं ते फुगून दुपटीहून अधिक झाले. चव आंतपर्यंत मुरावी या उत्साहांत आम्हीं चण्यांबरोबरच मीठ व दोन लिंबांचा रस कुकरांत ओतला. सहा शिट्ट्या झाल्या, आठ झाल्या. एक चणा बोटांत धरून दाबला, तों तो निसटून टणकन् पातेल्यावर आदळला. मिक्सरमधून जें कांहीं निघालें तें समुद्रकांठच्या ओल्या वाळूसारखें होतें. इतक्यांत बाबा पाणी पिण्यास आंत आले. त्यांनीं त्या वाळूची चिमूट तोंडांत टाकली, क्षणभर चघळली, आणि म्हणाले, "लिंबू आधींच घातलेंत ना? आंबटांत चणा शिजत नाहीं. लिंबू शेवटीं." इतकें बोलून ते बाहेर गेले. आम्ही एकमेकांकडे पाहात राहिलों. थोड्या वेळानें ते पुनः दाराशीं आले. बाह्या वर सारलेल्या होत्या. "चणे आणखी आहेत का?"

दुसऱ्या दिवशींचें काम त्यांच्या देखरेखीखालीं झालें. आंबट पदार्थांत दाण्याच्या पेशींना सांधणारें पेक्टिन सुटत नाहीं, व खाण्याच्या सोड्यानें तें लौकर सुटतें, हें कारण आम्हीं मागाहून पुस्तकांत वाचलें; बाबांस तें पुस्तकावांचून माहीत होतें. चिमूटभर सोडा घालून चणे इतके शिजविले कीं बोटांनीं चेपतां लोणी व्हावें, आणि सुटलेलीं सालें पाण्यावरून काढून टाकलीं. आईनें संक्रांतीकरितां आणलेले पांढरे तीळ मंद आंचेवर, रंग पालटूं न देतां, भाजले आणि त्यांचें तेल सुटेपर्यंत वाटण केलें. (संक्रांतीस मग आमच्या घरीं लाडू कमी झाले, ही गोष्ट आजी अद्याप विसरलेली नाहीं.) लसणाच्या दोन पाकळ्या ठेंचून लिंबाच्या रसांत दहा मिनिटें ठेविल्या, यामुळें लसणाचा उग्रपणा मावळतो. चणे गरम असतांनाच एकटे वाटावे, मग तिळाचें वाटण, मीठ व तो रस घालावा, आणि शेवटीं बर्फाचें पाणी थोडें थोडें सोडीत मिक्सर फिरवावा, असा बाबांचा क्रम. बर्फाच्या पाण्यानें तो गोळा आमच्या डोळ्यांदेखत पांढरट व हलका झाला. वरून घालावयास ऑलिव्हचें तेल हवें होतें. मागील खेपेस बाबांनीं त्याचा एक डबा आणला होता खरा. पण खाण्याचें तेल इतकें महाग असूं शकतें हें आईस न पटल्यामुळें तिनें तें आजीच्या गुडघ्यांस चोळून बरेंचसें संपविलें होतें. तळाशीं चार चमचे उरलें होतें.

आतां भाज्या. काकडी, गाजर व भोपळी मिरची कच्चीच बारीक चिरली. बीट पाण्यांत न शिजवितां वाफविलें, कारण त्याचा रंग पाण्यांत उतरतो. जांभळ्या कोबीविषयीं मात्र आम्ही शहाणपण करावयास गेलों. चण्यांचें कढत पाणी फुकट कशास दवडावें, म्हणून कोबी त्यांतच टाकला. दोन मिनिटांनीं झांकण काढतों तों काय, सुंदर जांभळा कोबी मोरचुदासारखा हिरवा-निळा झालेला! धाकटी बहीण रडकुंडीस आली. आजीनें "हें विष मी तोंडांत घालणार नाहीं" असें जाहीर केलें. बाबांनीं कांहीं न बोलतां तो कोबी निथळला, बशींत पसरला, आणि त्यावर अर्धें लिंबू पिळलें. जेथें जेथें थेंब पडला तेथें तेथें निळ्यावर गुलाबी ठिपके उमटले, आणि चमच्यानें हालवितांच सारी बशी गुलाबी झाली. प्रयोगशाळेंतील लिटमस कागदाचा हाच खेळ आम्हीं वर्गांत पाहिला होता. सोड्यानें निळा, आम्लानें तांबडा. परंतु वर्गांत कोणी इतकें हंसलें नव्हतें. बहीण टाळ्या पिटूं लागली, आणि बाबा हंसले. त्या छायाचित्रांतल्यासारखे, तोंडभर.

पावाचे जाड काप तव्यावर थोड्या तुपांत दोन्ही बाजूंनीं खरपूस भाजले. कुरकुरीतपणा हवा असेल तर हम्मस अगदीं आयत्या वेळीं लावावा. आधीं लावून ठेविल्यास पाव ओला होतो, हें पहिल्या चार कापांनीं आम्हांस शिकविलें. पिंवळसर हम्मस, त्यावर गर्द तांबडें बीट, केशरी गाजर, हिरवी काकडी व तो दोनदां रंग पालटलेला कोबी, असें ताट भरलें. आजीनें आधीं एकच काप घेतला, आणि मग आणखी दोन.

खातांना बाबा बोलत होते. शुक्रवारची ती सकाळ, पांच वाजतांच शिजूं लागणारे चणे, चमचा न वापरतां रोटीनेंच बशी पुसून खाण्याचा नियम, आणि जो सर्वांत शेवटीं उठेल त्यानें भांडीं घासावयाचीं हा दुसरा नियम. "मीच बहुधा शेवटीं उठत असें," ते म्हणाले. "उठून कोठें जावयाचें? तुम्ही तर इकडे." आई भाजलेले काप उगीचच पुनः तव्यावर टाकूं लागली. आम्हीं मान खालीं घालून खाणें चालूं ठेविलें.

जेवणानंतर बाबांनीं ताटाचें छायाचित्र काढून अम्मानच्या त्या गृहस्थांस धाडलें. सायंकाळीं उत्तर आलें, तें त्यांनीं आम्हांस मोठ्यानें वाचून दाखविलें: तेल कमी आहे, आणि हम्मसवर गाजर कोणी घातलें? बाबांनीं ताबडतोब धाकट्या बहिणीस पुढें उभें केलें व गुन्हेगार म्हणून तिचें छायाचित्र पाठवून दिलें.