उशिरां पोहोंचलेला निरोप

आमच्या एकत्र घरांत थोरल्या बंधूंचा मुलगा संगणकाच्या प्रोग्रॅमांचें काम करतो. गेल्या महिन्यांत तो ओळीनें चार रात्री जागला. पांचव्या रात्रीं मी पाणी पिण्यास उठलों, तों त्याच्या खोलींत दिवा दिसला. "काका, बसा थोडा वेळ. तुम्हांला समजावून सांगतांना कदाचित् मलाच उमगेल," तो म्हणाला. सारा जन्म शिकविण्यांत गेलेल्या माणसास हें आमंत्रण मोडवेना.

प्रकरण असें होतें. पोस्टग्रेस नांवाचें माहिती सांठविण्याचें एक साधन आहे. १९८६ सालीं अमेरिकेंतील बर्कले येथील विद्यापीठांत त्याचा पाया घातला गेला. त्याच्या सर्व्हरला प्रश्न पोहोंचविणारी व उत्तरें आणणारी क्लायंट लायब्ररी चिरंजीवांनीं लिहिली होती. प्रत्येक कनेक्शनासाठीं सर्व्हर एक स्वतंत्र प्रक्रिया उभी करतो. त्यांत वेळ जातो. म्हणून काम संपलेलें कनेक्शन तोडून न टाकतां राखून ठेवावयाचें व पुढच्या गिऱ्हाइकास द्यावयाचें, अशी रीत असते.

तक्रार अशी, कीं एकजण आपला लांबलेला प्रश्न मध्येंच रद्द करी, आणि क्वचित् प्रसंगीं दुसऱ्याचाच निरपराध प्रश्न ५७०१४ ही खूण घेऊन मरून पडे. या खुणेचा अर्थ 'प्रश्न रद्द केला'. तो दुसरा म्हणे, "मीं तर कांहींच रद्द केलें नाहीं!"

"रद्द करण्याचा निरोप जातो कसा?" मीं विचारलें.

"चालू प्रश्नांत गुंतलेली प्रक्रिया त्या कनेक्शनावर दुसरें कांहीं ऐकत नाहीं. म्हणून निराळें कनेक्शन उघडून प्रक्रियेचा क्रमांक आणि आरंभीं मिळालेली गुप्त किल्ली पाठवावयाची. सर्व्हर त्यावर हो-नाहीं कांहीं बोलत नाहीं. निरोप पुढें धाडून तें कनेक्शन नुसतें बंद करतो."

"आणि त्या निरोपांत प्रश्नाचें नांव?"

"तें नसतें, काका."

मी क्षणभर गप्प झालों. मुख्याध्यापक असतांना मीं एकदा शिपायाबरोबर पांचवीच्या वर्गावर चिठ्ठी धाडली होती : 'खिडकीजवळ पहिल्या बाकावर बसलेल्या मुलास घरीं पाठवा.' त्यानें कांच फोडलेली मीं डोळ्यांनीं पाहिली होती. शिपाई वाटेंत रेंगाळला, मधल्या सुटींत मुलांनीं जागा बदलल्या, आणि दुसराच मुलगा दप्तर घेऊन रडत घरीं गेला. तेथें त्याला वडिलांचा मार बसला. तिसऱ्या दिवशीं मला खरें कळलें. मीं वडिलांची क्षमा मागितली. मुलाची मागितली नाहीं.

मीं ही हकीकत सांगितली, आणि पुतण्या ताडकन् उठून बसला. त्याची लायब्ररी निरोप धाडी, पण निरोप्याची वाट पाहत नसे. तेवढ्यांत मूळ प्रश्न आपोआप संपला, तर तेंच कनेक्शन ती दुसऱ्याच्या हातीं देई. उशिरां आलेला निरोप त्या दुसऱ्याच्या डोक्यावर आदळे.

त्यानें मुद्दाम निरोप्यास दोन सेकंद रखडवून पाहिलें; निरपराध प्रश्न दर खेपेस मेला. मग त्यानें नियम घातला : सर्व्हर निरोपाचें कनेक्शन बंद करीपर्यंत मूळ कनेक्शन कोणास द्यावयाचें नाहीं, ठराविक वेळांत तें बंद न झाल्यास मूळ कनेक्शन सरळ टाकून द्यावयाचें. नवें उघडण्यास थोडा वेळ लागेल, पण दुसऱ्याचा घात होणार नाहीं. पहांटेपर्यंत एकही प्रश्न अकारण मेला नाहीं.

संस्कृत व्याकरणांत 'न' नामाशीं जोडला तर पर्युदास, क्रियेशीं जोडला तर प्रसज्यप्रतिषेध. निषेध कशाला लागतो हें ठरल्यावांचून अर्थ लागत नाहीं, हें मीं वर्षानुवर्षें शिकविलें. आणि माझ्या स्वतःच्या चिठ्ठींत मात्र बाक होता, मुलगा नव्हता.

तो मुलगा आतां चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. शाळेंतून त्याचा पत्ता मिळविला असून आज त्यास पत्र लिहावयास बसलों आहें. या खेपेस सर्वांत आधीं नांव लिहिलें.