गोदावरीचं मत्स्यजिरं

मृग लागला की आपल्या हैदराबादेतल्या मासळीबाजारात पाय ठेवायला जागा नसते. मृगाला मासा खायचाच, हा इथल्या घराघरांतला रिवाज. त्यातही मान कोर्रमेनूचा, म्हणजे आपल्या मरळीचा. तेलंगणचा राज्य-मासाही तोच. पण याच सुमारास नदीत एक घडामोड सुरू होते, ती मात्र बाजारात दिसत नाही.

पहिला मोठा पाऊस झाला, गढूळ पाण्याचा लोंढा आला, की मासे प्रवाहाच्या उलट वर निघतात. महाराष्ट्रात त्यांना 'चढणीचे मासे' म्हणतात. ते हौसेनं चढत नाहीत. पोटात गाभोळी असते. चढतं पाणी हीच त्यांना अंडी घालण्याची वर्दी असते.

राहू, कटला, मृगळ या कार्प गटातल्या माशांची अंडी कशाला चिकटत नाहीत. वाहत्या पाण्यात ती अधांतरी राहतात, पाणी थांबलं की तळाशी बसतात. 15 ते 20 तासांत पिल्लं बाहेर येतात. त्यांना आपल्याकडे 'मत्स्यजिरे' म्हणतात, इतकी ती बारीक! धड पोहता येत नाही, पोटाशी जेमतेम तीन दिवसांची शिदोरी. तेवढ्या वेळात प्रवाहानं त्यांना काठाच्या उथळ, संथ आणि खाणं असलेल्या पाण्यात पोचवायचं असतं. प्रवाह आलाच नाही तर अंडी पडत नाहीत, मध्येच तुटला तर वाटेत मरतात, आणि पाणी एकदम उतरलं तर डबक्यांत अडकतात.

सगळ्या माशांचं असं नसतं. आपली मरळ संथ पाण्यात, गवताच्या आडोशाला अंडी घालते आणि आईबाप पिल्लांची राखण करतात. म्हणून ती तळ्यातही टिकते. कार्पचा पाळणा मात्र नदीच हलवते.

पूर्वी मत्स्यबीज हवं तर पुराच्या दिवसांत नदीतच जाळी लावून जिरे गोळा करावे लागत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात हिरालाल चौधरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन घडवलं आणि चित्र पालटलं. म्हणून 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. हैदराबादेत विमानतळाकडे जाताना माशाच्या आकाराची इमारत दिसते ना, ती राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळाची. आज जलाशयांत हॅचरीतलं बीज सोडतात. त्यावर कितीतरी मच्छीमार कुटुंबं जगतात, हे चांगलंच. पण जे काम नदी फुकट करत होती, ते आता दरवर्षी पैसे मोजून करावं लागतं.

मी मूळचा नांदेडकडचा, त्यामुळे बाभळी बंधाऱ्यावरचा वाद दोन्ही बाजूंनी ऐकत आलो. नांदेडला गेलं की 'आमचं पाणी', इथं आलं की 'आमचं पाणी'. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: 1 जुलै ते 28 ऑक्टोबर बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवायचे. तेव्हापासून दरवर्षी 1 जुलैला दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांसमोर 14 दरवाजे वर जातात. या तारखा माणसांच्या पाण्यासाठी ठरल्या. पण पंचांग पाहा, माशांच्या विणीचाही हाच काळ! खालच्या श्रीरामसागर जलाशयात वाढलेला मासा वर चढायला आणि वरचं जिरं खाली यायला वाट मोकळी होते. भांडणातून का होईना, गोदामाईच्या लेकरांचं भलं झालं.

जगात काही ठिकाणी हे जाणूनबुजून करतात. ऑस्ट्रेलियात मरे नदीच्या खोऱ्यात धरणांतून माशांसाठीही पाणी राखून सोडतात आणि प्रवाहात बारीक जाळी लावून वाहत येणारी पिल्लं मोजतात. आपल्याकडे पाणी टीएमसीत मोजतात. ते किती सोडलं याबरोबरच कधी आणि कसं सोडलं, हेही पाहिलं तर नदीचं बरंचसं काम नदीच करील.

धरणाचे दरवाजे आपल्या हातात नाहीत, ताट मात्र आहे. यंदा गावाकडून 'गाभोळीचा मासा आलाय, या' असा फोन आला, तर मी सांगणार आहे, "दादा, त्याला जरा वर जाऊ द्या. पूर ओसरला की येतोच."