अंगणातला महाराष्ट्र

आमच्या गावात जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीला मोठ्या गावच्या हायस्कुलात जायचं, त्यामुळे चौथीतल्या मुलांना शाळेत मोठेपणाचा मान असे. त्या वर्षी इतिहासाला शिवाजी महाराज आणि भूगोलाला महाराष्ट्र. पुस्तकं वेगळी, तासही वेगळे. दिवाळीच्या सुट्टीनंतर गुरुजींनी शाळेच्या अंगणात मातीचा महाराष्ट्र करायला घेतला, आणि दोन्ही विषय एकाच चिखलात कालवले गेले.

किल्ले करून आमचे हात तयारच होते. फक्कीने हद्द आखली. सह्याद्रीसाठी दगडगोटे आणि मुरूम, वर काळ्या मातीचा लेप. पश्चिमेला कोकणाची चिंचोळी पट्टी, समुद्राला कपड्यांची नीळ. पूर्वेकडचा हळूहळू उतरत जाणारा उतार मात्र गुरुजी पुन्हा पुन्हा थापून घेत. तो चुकला की सगळंच चुकलं, असं म्हणत.

मग एके दुपारी त्यांनी महाबळेश्वरच्या माथ्यावर तांब्याभर पाणी ओतलं. थोडं कड्यावरून कोसळून थेट निळीत गेलं, उरलेलं रमतगमत पूर्वेला निघालं. कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री, सावित्री ही पाच नावं आम्हाला पाठ होती. पण त्यांतली सावित्री पश्चिमेला उतरते, आणि अरबी समुद्र जेमतेम ६४ किलोमीटरवर असताना कृष्णा मात्र त्याच्याकडे पाठ फिरवून १४०० किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते, यातलं नवल तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. त्याच कड्याच्या काठावर आम्ही प्रतापगड ठेवला. वाईहून रडतोंडीच्या घाटाने काडी सरकवत खाली आणली, तेव्हा मैदानात लढणारी फौज घेऊन आलेल्या अफजलखानाला जावळीत उतरवण्यातच महाराजांनी अर्धी लढाई जिंकली होती, हे कुणाला सांगावं लागलं नाही. १० नोव्हेंबर १६५९ ही तारीख तेव्हापासून माझ्यासाठी त्या उतारावरच घडते.

परीक्षेत अर्थातच गाळलेल्या जागा आल्या.

पुढे कऱ्हाडहून चिपळूणला जाताना एसटी कुंभार्ली घाटात वळली, आणि पायाखालचं पठार एकदम संपलं. खिडकीतून खोल कोकण दिसलं आणि मी मनातल्या मनात पाणी ओतून पाहिलं. चिपळुणात वाशिष्ठी नदी ऐन उन्हाळ्यात वाहताना दिसली, तेव्हा मात्र हिशेब जुळेना. उलगडा नंतर झाला: कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यांनी पोफळीला उतरवतात, त्यावर वीज करतात आणि ते वाशिष्ठीत सोडतात. पूर्वेला जाणारं पाणी माणसाने पश्चिमेला वळवलं होतं. कृष्णा पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने या वळवण्यालाही ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली, हे नंतर वाचलं. लवादाचा तो आकडा मला सहज समजला, त्याचं श्रेय मी चौथीतल्या उताराला देतो.

आता कायद्याने प्राथमिक शिक्षणाचा पहिला टप्पा पाचवीपर्यंत आहे, मध्यंतरी शिष्यवृत्ती परीक्षाही चौथीवरून पाचवीला गेली होती. कितीतरी वाड्यावस्त्यांवरच्या शाळा अजून चौथीलाच संपतात. तिथे फळ्याशेजारी टीव्ही आला, याचा मला आनंदच आहे. पण पडद्यावरच्या नकाशाला उतार नसतो, आणि माती व पाणी तर कुठल्याही शाळेत फुकट मिळतं.

मागे भाचीच्या शाळेत हा खेळ मांडला. बाईंनी हौसेने मुलांकडून सह्याद्री करून घेतला, आणि एका मुलाने कोयनेपाशी डोंगरातून पपईच्या देठाची नळी आरपार घातली. पाणी कोकणात उतरलं, टाळ्या पडल्या. तेवढ्यात एक मुलगी उठली. तिचं आजोळ दुष्काळी माणदेशात. "तिकडं इतका पाऊस पडतो, मग आमचं पाणी त्यांना कशाला?" नळीवाला म्हणाला, "मग वीज कुठनं आणणार?" पोरांचे दोन तट पडले. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी कुणी उठेना, आणि बाईंनीही कुणाला उठवलं नाही.